स्थानकाचं झालं संग्रहालय: ओर्सेबद्दल वाचकांचे प्रश्न

पॅरिसला सीन नदीच्या काठावर एक जुनं रेल्वे स्थानक आहे. त्यात आज म्युझे दॉर्से, म्हणजेच ओर्से, हे कलासंग्रहालय भरलेलं आहे. तिथे जाऊ इच्छिणाऱ्या, जाऊन आलेल्या आणि न जाताही उत्सुक असलेल्या वाचकांची पत्रं पेणपासून सावंतवाडीपर्यंत सगळीकडून आली. त्यातली काही इथे घेतली आहेत. तिकिटांचे दर आणि वेळा बदलत असतात, तेव्हा निघण्याआधी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर एकदा खात्री करून घ्या.

रत्नागिरी: मे महिन्यात पॅरिसमध्ये चार दिवस आहोत. ओर्सेसाठी एकच अर्धा दिवस निघतो. कुठला वार धरावा? तिकीट इथूनच काढावं का?

गुरुवार धरा, आणि दुपारी चारनंतर जा. एरवी संग्रहालय सकाळी ९.३० ते संध्याकाळी ६ उघडं असतं. गुरुवारी मात्र रात्री ९.४५ पर्यंत. सोमवारी पूर्ण बंद. १ मे आणि २५ डिसेंबरलाही बंद, त्यामुळे मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी पहिली तारीख आधीच खोडून ठेवावी. ‘सहाला बंद’ याचा अर्थ पाचला शेवटचा प्रवेश आणि साडेपाचपासून दालनं रिकामी करायला सुरुवात. इतर दिवशी चार वाजता पोचून सगळं उरकू असं म्हणणाऱ्यांचा इथेच हिशेब चुकतो.

गुरुवार सुचवण्याचं दुसरं कारण उजेडाचं. मधल्या दालनावर काचेचं छत आहे आणि खालची शिल्पं त्या वरच्या उजेडावर जगतात. मे-जूनमध्ये पॅरिसला सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, म्हणजे गर्दी ओसरल्यावरही नैसर्गिक प्रकाश शिल्लक असतो. डिसेंबरात तोच सूर्य पाचच्या सुमारास जातो. तेव्हा गुरुवारची संध्याकाळ चित्रांना चालेल, शिल्पांना नाही.

मंगळवार टाळा. त्या दिवशी लूव्र हे पॅरिसचं दुसरं मोठं संग्रहालय बंद असतं आणि तिकडची गर्दी इकडे वळते. महिन्याचा पहिला रविवार फुकट असतो, पण वेळ आधी राखून ठेवावी लागते आणि गर्दीही तशीच असते. चारच दिवस असतील तर त्या फुकटाच्या मागे लागू नका.

तिकीट इथूनच काढा. अलीकडच्या दरांनुसार ऑनलाइन १६ युरो आणि तिकीटबारीवर १४ युरो असा उलटा प्रकार आहे. वरचे दोन युरो तुम्ही ठरलेल्या वेळेसाठी मोजता. गुरुवारी संध्याकाळी सहानंतरचं तिकीट स्वस्त असतं. १८ वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत आहे, वयाच्या पुराव्याला पासपोर्ट जवळ ठेवा. १८ ते २५ या वयोगटाची सवलत मात्र युरोपीय संघात राहणाऱ्यांसाठी आहे. कॉलेजातल्या मुलाचं तिकीट काढावंच लागेल, नाहीतर दारात वाद होतो. तिकीट हातात असलं तरी सुरक्षा तपासणीची रांग चुकत नाही. ५६ × ४५ × २५ सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग आत घेत नाहीत, सामानघरातही ठेवून घेत नाहीत. हॉटेल सोडायच्या दिवशी चाकाची बॅग ओढत येणारे इथे हमखास अडकतात.

कुडाळ: मी रेल्वेत नोकरी केलेला माणूस. चित्रांत फारसा रस नाही, पण घरचे नेणारच आहेत. स्थानकाचं काय शिल्लक आहे? फलाट दिसतात का? आणि एवढं मोठं स्थानक बंद का पडलं?

बंद पडण्याचं कारण तुम्हाला एका ओळीत पटेल: फलाट आखूड पडले.

पॅरिस-ऑर्लेआं कंपनीचं जुनं टर्मिनस ऑस्टरलित्झला, शहराच्या मध्यापासून दूर होतं. १९०० च्या जागतिक प्रदर्शनाला येणारी गर्दी थेट मध्यात उतरवायची म्हणून कंपनीने नदीकाठाने बोगदा काढून मार्ग सुमारे चार किलोमीटर पुढे आणला. जागा मिळाली ती १८७१ च्या उठावात जळालेल्या एका राजवाड्याची, तीही लूव्रच्या जवळजवळ समोर. अशा ठिकाणी धूर ओकणारी इंजिनं आणि उघडं लोखंड शोभणार नव्हतं. वास्तुविशारद व्हिक्तोर लालू यांनी पोलादी सांगाडा दगडी दर्शनी भिंतीआड दडवला. गाड्यांचं वाफेचं इंजिन ऑस्टरलित्झला काढून विजेचं इंजिन लावलं जाई. धूर नाही म्हणून छत काचेने बंद करता आलं, आणि धूर नाही म्हणूनच ३७० खोल्यांचं आलिशान हॉटेल स्थानकाला खेटून बांधता आलं. सोळा रूळ रस्त्याच्या पातळीखाली, प्रवाशांची ये-जा वर, सामानासाठी लिफ्ट आणि उतार, अशी सगळी रचना होती.

पुढे विजेवरच्या गाड्या लांब होत गेल्या. आपल्याकडे छोट्या स्थानकात मागचे डबे फलाटाबाहेर राहिले तर लोक उड्या मारून उतरतात; लांब पल्ल्याच्या टर्मिनसला ते चालत नाही. फलाट वाढवायचे तर एका बाजूला नदी, बाकी तिन्हीकडे शहर. १९३९ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्या बंद झाल्या, उपनगरी तेवढ्या राहिल्या. मग ही वास्तू कोणी कशाला वापरली नाही, असं झालं नाही. १९४५ मध्ये जर्मन छावण्यांतून सुटून आलेल्यांचं स्वागतकेंद्र इथे होतं, पुढे चित्रीकरणं झाली, नाटक कंपनी राहिली, लिलाव भरले. १९७० च्या दशकात पाडून नवं हॉटेल बांधायचा घाट होता. पण तोवर पॅरिसच्या मध्यवर्ती बाजाराचे जुने लोखंडी मंडप पाडल्याबद्दल लोक चिडलेले होते. त्या वातावरणात हे स्थानक वाचलं, १९७८ मध्ये संरक्षित वास्तू झालं आणि डिसेंबर १९८६ मध्ये संग्रहालय म्हणून उघडलं.

फलाट म्हणून वेगळे दाखवता येतील असे उरलेले नाहीत. पण जे आहे ते थोडं नाही. आत जाण्याआधी नदीच्या पलीकडच्या काठावरून इमारत बघा: दोन प्रचंड घड्याळं आणि वर बोर्दो, तुलूझ, नांत या शहरांच्या तीन बसलेल्या स्त्रीमूर्ती. गाड्या जात त्या दिशांचा तो दगडी फलकच. भिंतीवर कंपनीची ‘पी.ओ.’ अक्षरं सापडतात का तेही पाहा, घरच्यांची तिकिटं तपासून होईपर्यंत तेवढा उद्योग. आत मधलं दालन १३८ मीटर लांब, ४० मीटर रुंद, ३२ मीटर उंच आहे. गाड्या लागत त्या याच छताखाली. सांगाड्याला १२,००० टन धातू लागला. आयफेल मनोऱ्यात सुमारे ७,३०० टन लोखंड आहे, म्हणजे त्याहून कितीतरी जास्त. लालूंच्या फुलांच्या नक्षीचे चौकोन छतावर जसेच्या तसे आहेत. खालच्या फिकट दगडाच्या भिंती आणि गच्च्या मात्र नव्या, इटालियन वास्तुविशारद गाए आउलेंती यांनी घातलेल्या. आमच्या मते त्या जरा जड झाल्या आहेत. पण त्यांनीच चित्रांना टेकायला भिंती दिल्या, नाहीतर एवढ्या पोकळीत चित्रं हरवली असती.

आणि गाड्या बंद झालेल्या नाहीत. खालून आजही आरईआर सी ही उपनगरी लाइन धावते, स्थानकाचं नाव म्युझे दॉर्से. १९७९ मध्ये हा मार्ग पुढे एंवालीदच्या बाजूला जोडला आणि टर्मिनसचं रूपांतर मधल्या स्थानकात झालं. तुम्ही त्याच गाडीने या.

एक चित्रही तुमच्यासाठी आहे, पाचव्या पातळीवर: क्लोद मोने यांचं १८७७ चं सें-लाझार स्थानक. त्यात वाफेचं इंजिन फलाटात शिरतंय, निळसर-पांढरा धूर काचेच्या छपराखाली कोंडतोय आणि उतरत्या छपराचं टोक बरोबर मध्यावर आहे. ज्या धुरामुळे स्थानकाची छपरं तेव्हा उघडी ठेवावी लागत, तो इथे रंगात दिसतो. त्याला विजेने घालवल्यावर कसं छत बांधता आलं, ते दालनाबाहेर येऊन डोक्यावर बघा.

सावंतवाडी: सोबत आई आहे, वय ७१, गुडघे दुखतात. तीन तासांत काय आणि कुठल्या क्रमाने पाहावं?

वरून खाली. नकाशावर पातळ्या ०, २ आणि ५ अशा दिसतात, त्याने गोंधळू नका. ० म्हणजे मधलं दालन व त्याच्या बाजूच्या खोल्या, २ म्हणजे गच्च्या, ५ म्हणजे छतालगतच्या लांब खोल्या. बहुतेक लोक खालून सुरुवात करतात आणि ज्यासाठी आले त्या मोने-रेन्वारपर्यंत पोचेतो पाय जातात. पाचवर जायचे सरकते जिने मधल्या दालनाच्या पार दुसऱ्या टोकाला आहेत, म्हणजे शिल्पांमधून सव्वाशे मीटरहून जास्त चाल. आईंना लिफ्टने न्या, कर्मचाऱ्यांना विचारलं की दाखवतात. चाकाची खुर्ची मोफत मिळते. गुडघ्यांचा प्रश्न असेल तर संकोच न करता सुरुवातीलाच घ्या. दोन तासांनी मागायला परत प्रवेशद्वारापर्यंत चालावं लागेल.

पाचवर सव्वा तास द्या. तिथली काचेची बाकं दिसायला सुंदर आहेत, पण त्यांना पाठ नाही आणि बसायला कडक. आईंना टेकायला हवं असेल तर घड्याळामागच्या कॅफेतली खुर्ची बरी. या पातळीवर रेन्वार यांचं ‘मुलँ द ला गालेत’मधलं नृत्य, १८७६ चं: गर्दीवर झाडाच्या पानांतून पडलेले उन्हाचे ठिपके. ते जवळून पाहिलं तर कोटावर नुसते जांभळट-गुलाबी डाग दिसतात, चार पावलं मागे आलं की ऊन होतं. कायबोत यांचे लाकडी जमीन तासणारे तीन कामगार (१८७५) चुकवू नका. रंध्याने निघालेल्या सालीची वेटोळी आणि ओल्या लाकडावरची चमक सुतारकाम पाहिलेल्या कोणालाही थांबवते.

व्हॅन गॉगची चित्रं कुठल्या पातळीवर आहेत ते आत शिरतानाच विचारा. मांडणी अधूनमधून बदलते. चित्रं प्रदर्शनांसाठी बाहेरगावीही जातात. एखाद्याच चित्रासाठी जाणार असाल तर संकेतस्थळावर त्या चित्राच्या पानावर ते सध्या मांडलेलं आहे का ते लिहिलेलं असतं.

मग पातळी २, चाळीस मिनिटं. शेवटी ०, उरलेला वेळ. खाली मीये यांच्या ‘सरवा वेचणाऱ्या’ (१८५७) आहेत. कापणीनंतर शेतात पडलेली कणसं वेचणाऱ्या तीन बाया, मागे दूरवर मालकाच्या गंजी आणि घोड्यावरचा मुकादम. आईंना यातलं काही समजावून सांगावं लागणार नाही. कूर्बे यांचं ओर्नांमधल्या दफनाचं चित्र साडेसहा मीटरहून रुंद आहे. त्यासमोर बसायला जागा मिळाली तर तिथेच विसावा घ्या.

गुहागर: व्हिसा आधी की संग्रहालयाचं तिकीट आधी?

व्हिसा. संग्रहालयाची तिकिटं परत होत नाहीत असं धरूनच चला, आणि अर्जासाठी ती लागतही नाहीत. फ्रान्ससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटची मुदत १५ दिवस. मे महिन्यासाठी एप्रिलमध्ये भेटीची वेळ मिळत नाही, जानेवारी-फेब्रुवारीत उरका. प्रौढांचं शुल्क ९० युरो, वर केंद्राचा आकार वेगळा. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा हवा, आणि पासपोर्ट परतीनंतर तीन महिने चालणारा व दहा वर्षांच्या आत काढलेला. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. मागच्या ५९ महिन्यांत दिले असतील तर सहसा ते चालतात.

पेण: आमचा गणपतीचा कारखाना आहे. शाडू आणि प्लास्टर दोन्ही करतो. मूर्तिकाराने तिथे नेमकं काय पाहावं?

तुम्ही ब्रॉन्झ आणि संगमरवराच्या आधी दोन गोष्टी शोधा, बाकीचे पाहुणे ज्यांच्यावरून पुढे सरकतात अशा.

पहिली, पातळी ० वरची ओनोरे दोमिए यांची ३६ छोटी मुंडकी. १८३२ पासूनच्या काही वर्षांत घडवलेली, तेव्हाच्या फ्रेंच संसदेतल्या मंडळींची टिंगल. वीतभर उंचीची. माती न भाजलेली, कच्ची, वरून रंगवलेली. म्हणजे तुमच्या शाडूच्याच जातीचं काम. काचेपाशी वाकून पाहा: नाकाला चिमटा काढून लांबवलेलं, गालफडात अंगठा दाबून खड्डा केलेला, केस कोरणीने ओढलेले, आणि काही ठिकाणी बोटाच्या दाबाची खूण तशीच ठेवलेली. सफाई केलेलीच नाही, कारण ही मुंडकी विकायला नव्हती, व्यंगचित्रं काढायच्या आधी चेहरा हातात बसावा म्हणून होती. कच्ची माती १९० वर्षं टिकली ती हवेच्या जोरावर. संग्रहालयांत सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर ठेवतात. पेणच्या जुलैत असं मुंडकं उघड्यावर ठेवलं तर ओल धरणं, वाळणं, पुन्हा ओल धरणं यात आधी रंग सुटेल आणि मग कान-नाकासारखे पातळ भाग तडकतील.

दुसरी, पातळी २ वरचं ओग्युस्त रोदँ यांचं ‘नरकाचं दार’. पाच मीटरहून उंच आणि प्लास्टरचं. १८८० मध्ये सरकारने हे दार सजावटकलेच्या नियोजित संग्रहालयासाठी मागवलं. ते संग्रहालय व्हायचं होतं जळालेल्या राजवाड्याच्या याच जागेवर. ते झालं नाही, स्थानक आलं. स्थानक गेलं आणि दार अखेर आपल्या जागी लागलं. रोदँ यांच्या हयातीत त्याचं ब्रॉन्झ ओतलं गेलं नाही. प्लास्टरमध्ये जे दिसतं ते ब्रॉन्झच्या काळोखात बुडतं: साच्याच्या जोडांच्या रेषा, आकृती कापून दुसरीकडे चिकटवल्याच्या खुणा, एकच आकृती कोन फिरवून पुन्हा वापरलेली. वरच्या तीन ‘सावल्या’ नीट बघा. एकाच साच्यातून निघालेली तीन रूपं, फक्त फिरवून मांडलेली. कारखान्यात तुम्ही एका साच्यातून निघालेल्या मूर्तीचे हात बदलता, तेच गणित. तुम्ही प्लास्टरला काथ्या घालता. तिकडे मोठ्या साच्यांत ताग-अंबाडीचा वाख घालण्याची रीत होती. कामही तेच, पातळ कवच तडकू नये.

एडगार देगा यांची ‘चौदा वर्षांची नर्तिका’ तुम्हाला वेगळ्या कारणाने आवडेल. मूळ मेणाची मूर्ती १८८१ मध्ये दाखवली तेव्हा तिला खरा कापडी घागरा आणि खरी रिबीन होती आणि लोक बिथरले. मूर्तीला कापड नेसवणं आपल्याला नवं नाही, तिथे तो धक्का होता. ओर्सेमधली प्रत देगांच्या मृत्यूनंतर ओतलेली ब्रॉन्झची आहे, घागरा आणि रिबीन मात्र आजही कापडाचीच.

आखणीवाल्या, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणाऱ्या, कारागिरांना नेणार असाल तर त्यांना शिल्पकार कार्पोंचा ‘उगोलिनो’, मुलांसह कोठडीत उपाशी मरणारा सरदार, दाखवा: पायाची बोटं एकमेकांवर आवळलेली, हाताची बोटं तोंडात. भाव नुसता डोळ्यांत नसतो, हे त्या पायांकडे पाहून कळतं.

चिपळूण: नदीकाठी, तेही जमिनीखाली रूळ असलेल्या इमारतीत एवढी अमोल चित्रं? पूर आला तर?

आलेला आहे. १९१० च्या जानेवारीत सीन ८.६२ मीटरपर्यंत चढली आणि या स्थानकाचे खालचे रूळ पाण्यात गेले. इमारत तेव्हा दहा वर्षांचीही नव्हती. संग्रहालय झाल्यावरचा मोठा प्रसंग जून २०१६ चा, पाणी ६.१ मीटरपर्यंत. तेव्हा ओर्से आणि लूव्र दोन्ही बंद ठेवून खालच्या पातळीवरच्या वस्तू वर हलवल्या.

सीनचा पूर वाशिष्ठीसारखा एका रात्रीत घरात शिरत नाही. ती लांब, संथ नदी आहे. वरच्या खोऱ्यातलं पाणी पॅरिसला यायला काही दिवस लागतात आणि पातळीचा अंदाज आधी बाहेर येतो. संग्रहालयांच्या योजना त्या अवधीवर आखलेल्या असतात: आधी काय उचलायचं, कोण उचलणार, कुठे ठेवायचं. मोने-रेन्वारची चित्रं मुळातच वरच्या पातळीवर आहेत, ते मात्र पुरासाठी नव्हे, उजेडासाठी.

प्रवाशाला याचा उपयोग एवढाच: डिसेंबर ते मार्चमध्ये पाणी चढलं की आरईआर सीची मधली नदीकाठची स्थानकं बंद करतात. उन्हाळ्यातही, साधारण जुलैच्या मध्यापासून ऑगस्ट अखेर, त्याच टापूत दुरुस्तीसाठी गाड्या बंद असतात. अशा वेळी मेट्रो १२ ने सोल्फेरिनोला उतरा, पाच मिनिटांची चाल. किंवा मेट्रो १ ने तुइलरीला उतरून बागेतून पादचारी पूल ओलांडा.

मालवण: मी चित्रकलेची विद्यार्थिनी. फोटो काढू देतात का? बसून स्केच करता येतं का?

फोटो चालतात. फ्लॅश, तिपाई आणि सेल्फी काठी चालत नाही. लहान वहीत पेन्सिलने उभ्याने किंवा बाकावर बसून स्केच करायला हरकत नसते. शाई, जलरंग आणि कोळसा बॅगेतच ठेवा. घडीची खुर्ची किंवा ईझल लावून नक्कल करायची तर आधी परवानगी लागते. देगांची पेस्टल्स असलेल्या खोल्या अंधाऱ्या वाटतील. कागद आणि पेस्टलचा रंग उजेडाने उडतो म्हणून तिथे साधारण ५० लक्स एवढाच प्रकाश ठेवतात. आत गेल्यावर दोन-तीन मिनिटं काही न करता थांबा, डोळे सरावले की रंग उघडतात.

घड्याळाच्या काचेसमोरचा फोटो सगळ्यांना हवा असतो. ती बाजू उत्तरेची आहे, थेट ऊन येत नाही, त्यामुळे दिवसभरात कधीही काढा. फोनवर बोट काचेच्या उजळ भागावर ठेवून प्रकाश कमी केला की आकडे आणि माणूस काळे, पलीकडे मोंमार्त्रची टेकडी स्पष्ट येते. चेहऱ्यावर बोट ठेवलंत की काच पांढरीफटक.

दापोली: दोन मुलं आहेत आणि आम्ही शाकाहारी. आत जेवणाची सोय?

आहे, महाग आहे. पातळी २ वरचं रेस्टॉरंट म्हणजे जुन्या हॉटेलचं जेवणघर, झुंबरं आणि रंगवलेलं छत त्या वेळचंच. एक कॉफी घेऊन पाहून यावं असं. शाकाहारासाठी ‘सां व्यांद, सां प्वासों’ म्हणा: मांस नको, मासे नकोत. कीश नावाच्या खारट पायमध्ये बऱ्याचदा डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात, विचारल्याशिवाय घेऊ नका. घरचे लाडू-चिवडा दालनांत खाता येत नाही. बाहेर पडून खाऊन पुन्हा आत येऊ, असंही धरू नका. आधी खाऊन घ्या. मुलांना पोंपों यांचं दगडी पांढरं अस्वल दाखवा, अडीच मीटर लांब आणि अंगावर एक केससुद्धा कोरलेला नाही. बाहेरच्या चौकातला गेंडा, हत्ती आणि घोडा बिनतिकिटाचे.

अलिबाग: बर्लिनलाही स्थानकातलं संग्रहालय आहे म्हणतात. दोन्हींत निवड करायची तर?

हाम्बुर्गर बानहोफ. १८४० च्या दशकातलं स्थानक, १८८४ पासून गाड्या बंद, १९९६ पासून समकालीन कलेचं संग्रहालय. तिथे मोने शोधायला गेलात तर निराश व्हाल. मोठ्या मांडणशिल्पांची, व्हिडिओंची आवड असेल तरच जा. ज्यांना एकच पाहायचं आहे त्यांनी ओर्से.

लांजा: परदेश आमच्या आवाक्यात नाही. कलेच्या दृष्टीने पाहण्यासारखं स्थानक आपल्याकडे?

तुम्ही ज्यात उतरता तेच, मुंबईचं सीएसएमटी. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा आराखडा, १८७८ मध्ये काम सुरू, २००४ पासून जागतिक वारसा. अडचण अशी की कोकणातून येणाऱ्या लांब गाड्या पूर्वेकडच्या नव्या फलाटांवर लागतात आणि माणूस तिकडूनच टॅक्सी धरतो, जुनी इमारत पाहतच नाही. सामान क्लोकरूममध्ये टाका आणि उपनगरी फलाटांच्या बाजूला, जुन्या तिकीटघरात या. वर सोनेरी ताऱ्यांचं निळं छत, खाली संगमरवरी खांब. त्यांच्या माथ्यावरची पानं, पक्षी आणि प्राणी तेव्हाच्या बॉम्बे स्कूल ऑफ आर्टच्या, म्हणजे आजच्या जे.जे.च्या, विद्यार्थ्यांच्या हातचे आहेत. प्रत्येक खांबावर वेगळं काम आहे, दोन सारखे खांब सापडतात का बघा. मग रस्ता ओलांडून समोरून: फाटकावर सिंह आणि वाघ, घुमटावर ‘प्रगती’ची मूर्ती. सकाळी दहाच्या आत किंवा रविवारी, नाहीतर गर्दी तुम्हाला उभं राहू देणार नाही.

देवगड: मुलाने ओर्सेहून तीन पोस्टरं आणली. फ्रेम केली, आणि पहिल्याच पावसाळ्यात काचेच्या आतून तपकिरी ठिपके. काय चुकलं?

बहुधा तीन गोष्टी. कागद काचेला चिकटलेला असेल, मागे प्लायवूड किंवा वर्तमानपत्र असेल, आणि फ्रेम चिऱ्याच्या पश्चिमेच्या भिंतीवर असेल. पावसाळ्यात चिरा पाणी ओढतो आणि महिनोन्‌महिने ओल सोडत राहतो. कोंदलेल्या हवेत आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर गेली की बुरशी धरते, आणि देवगडला जून ते सप्टेंबर ती त्याच्या बरीच वर असते.

फ्रेम पुन्हा करायची तर फेब्रुवारी-मार्चमध्ये, कोरड्या हवेत करा. जुलैत केलेली फ्रेम म्हणजे आत डांबून ठेवलेली ओल. कागद आणि काच यांत ३ ते ५ मिलिमीटर अंतर हवं. ते जाड आम्लरहित माउंटबोर्डने किंवा कडेच्या पट्टीने मिळतं. मागे प्लायऐवजी प्लॅस्टिकचा पन्हळी पत्रा किंवा आम्लरहित बोर्ड, आणि मागची फट कागदी टेपने पूर्ण बंद. पोस्टर गोंदाने किंवा सेलोटेपने चिकटवू नका, चार कोपऱ्यांना फोटो कॉर्नर पुरतात. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे किंवा रबराचे तुकडे लावा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांत बोटभर हवा खेळते. भिंत आतली निवडा, पावसाच्या झडीची नको, न्हाणीघराला लागून असलेलीही नको. शंका असेल तर मृगाच्या आधी फ्रेमा उतरवून लोखंडी कपाटात उभ्या ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पिशव्या. त्या दर पंधरवड्याला तपासून, ओल धरली असेल तर तापवून पुन्हा वापरता येतात.

सध्याच्या ठिपक्यांसाठी: ओल्या फडक्याने अजिबात पुसू नका, डाग पसरतो. फ्रेम उघडून पोस्टर कोरड्या खोलीत, पंख्याच्या थेट झोताबाहेर, दोन-तीन दिवस सपाट ठेवा. बुरशी पूर्ण वाळून भुकटी झाली की अंगणात, तोंडाला मास्क लावून, मऊ कोरड्या ब्रशने एकाच दिशेला हलकं झटका. कडक उन्हात घालू नका, बुरशीच्या आधी निळे आणि गुलाबी रंग जातील. कागदात मुरलेले तपकिरी डाग घरच्या उपायांनी निघत नाहीत. ब्लीच लावून पाहणाऱ्यांच्या पोस्टरला भोकं पडतात. जुनी काच आतून स्पिरिटने पुसून पूर्ण वाळवल्याशिवाय परत बसवू नका, आणि मागचं प्लायवूड टाकून द्या.